माझ्या हातांना कंप नाही

गेल्या वर्षी चार महिने मी मनोरुग्ण होतो. जोतिबाच्या वाटेवरच्या एका गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात माझी तशी नोंद होती, आणि तिथल्या सिस्टरांच्या मते मी त्यांचा सगळ्यांत शहाणा पेशंट होतो. ठरल्या दिवशी यायचो, रांग मोडायचो नाही, विचारलेल्या प्रश्नाला पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचो आणि निघताना आभार मानायचो. अडचण एवढीच होती की आजार माझा नव्हता. तो माझ्या धाकट्या भावाचा होता, आणि मी आणलेल्या गोळ्या त्याच्या पोटात जात होत्या.

कुणी माफ करावं म्हणून मी हे लिहीत नाही. ज्याने करायचं त्याने केव्हाच केलंय आणि वर तो चारचौघांत माझी टिंगलही करतो. पण मी हायस्कुलातला मास्तर आहे. दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुकांना लाल गोल करण्यात माझं आयुष्य गेलं. एक गोल आपल्याही वहीत असावा, एवढंच.

भाऊ कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहे. लेथवर लोखंडाचे भाग कातून मापात आणायचे, हे त्याचं काम. केसाच्या जाडीएवढा फरक त्याच्या बोटांना कळतो, असं त्याचा मालक सांगायचा. त्या हिवाळ्यात त्याला लेथ बोलताना ऐकू येऊ लागलं. आधी लेथ, मग भिंत, मग समोरच्या घरातली माणसं, जी खरोखर बोलत नव्हती. तो झोपेना, जेवेना. शेवटी जीप करून आम्ही त्याला परजिल्ह्यातल्या मनोरुग्णालयात नेलं. गल्लीत सांगितलं, नाशिकला कंपनीत मोठी नोकरी लागली. 'मोठी' हा शब्द माझा. खोटं बोलायचंच तर भावाला निदान बढती तरी द्यावी, असं मला वाटलं असावं.

साडेतीन महिन्यांनी शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात तो घरी आला. शांत होता, हसत होता, जरा सुजला होता, हात जरा जड झाले होते. तिथल्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, "आता खरं काम तुमच्याकडे. गोळी चुकवायची नाही. हे पत्र तुमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात द्या, ते दर महिन्याला ह्यांना तपासतील. हात थरथरायला लागले, अंग आखडलं, तर त्यांना लगेच दाखवा, डोस बदलता येतो. आणि घरात बसवून ठेवू नका. कामावर जाऊ द्या."

काम तयारच होतं. मालक स्वतः घरी येऊन गेला. खुर्चीत बसायच्या आधीच तो भावाला म्हणाला, "तुझं लेथ कुणालाबी दिलं न्हाय. पर हात सुधारून ये लगा. दसऱ्यापतूर थांबतो. खंडेनवमीला मशीनची पूजा तूच करायची, आनि दुसऱ्या दिवशी चालू करायचं. त्येच्या फुडं मला बी ऑर्डरी हायत."

म्हणजे सगळं दोन हातांवर येऊन थांबलं होतं. हे मला माहीत होतं, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

आमच्या भागातलं आरोग्य केंद्र घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. चालत पाच मिनिटं. त्यात चार मिनिटं लोकांना नमस्कार करण्यात जातात. तिथे कोण नसतं? आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका बीपीच्या गोळ्यांसाठी तिथेच बसलेल्या असतात. शाळेतल्या मुलांचे आईबाप असतात. कोल्हापुरात रांगेत उभं राहिलेल्या माणसाला पहिल्या मिनिटात गाव विचारतात, दुसऱ्या मिनिटात पै-पाहुणे, आणि तिसऱ्या मिनिटाला तुम्ही त्यांचे कोण लागता हे तेच तुम्हाला सांगतात. अशा ठिकाणी मी भावाला घेऊन मनाच्या गोळ्या मागणार?

मी मोटरसायकल काढली आणि अठरा किलोमीटर लांब गेलो.

तिथल्या सिस्टरांनी पत्र वाचलं. "शेरात तुमच्या घराजवळच केंद्र हाय की. हितं कशाला आलासा?"

"इथली हवा चांगली आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पेशंट कोण याबद्दल त्यांच्या मनात काही शंका असलीच तर ती तिथेच मिटली असावी. थोड्या वेळाने पत्रावरचं नाव पुकारलं गेलं. भावाचं नाव. आणि मी उभा राहिलो. मी बोललो काहीच नाही, नुसता उभा राहिलो. हजेरी घेताना मुलं गैरहजर मित्रासाठी ओरडतात तसं. त्या मुलांना मी बाकावर उभं करतो.

आतल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. "वय चव्वेचाळीस?"

"हो." मी बावन्न वर्षांचा होतो.

"आजारानं मानूस थकतंयच," सिस्टर मागून म्हणाल्या. तेवढं मला लागलं.

मॅडमनी विचारलं, आवाज ऐकू येतात का? नाही. कुणी आपल्यावर पाळत ठेवतंय असं वाटतं? गल्लीचा विचार मनात आला, पण नाही म्हणालो. मग त्यांनी हात पुढे करायला सांगितले. मी केले. खडू धरून पक्के झालेले हात, टेबलावर ठेवल्यासारखे स्थिर. त्यांनी लिहिलं, 'कंप नाही.' आणि मग पेन बाजूला ठेवून विचारलं, "झोप लागते का?"

इथे माझा घोटाळा झाला. आधीची उत्तरं मी भावाची म्हणून दिली होती. हे उत्तर मी माझं दिलं. मला आठवत होतं तेव्हापासून मला कुणी हे विचारलं नव्हतं. शाळेत मुख्याध्यापक विचारतात, पेपर तपासून झाले का. घरात विचारतात, गॅसचा नंबर लावलात का. मी म्हणालो, "नाही लागत. दोनला जाग येते. मग सगळं आठवत बसतो."

"काय आठवतं?"

"जे करायला पाहिजे होतं ते."

त्या ऐकत राहिल्या. बाहेर रांग होती, तरी ऐकत राहिल्या. अशी सोय सरकारने केली आहे आणि आपण बिनकामाचं त्याला नावं ठेवतो, असं मला अगदी मनापासून वाटलं. मी बरं वाटून घरी आलो आणि भावाच्या हातात गोळ्या ठेवल्या.

दुसऱ्या महिन्यातही मी झोप लागत नसल्याचंच सांगितलं, कारण ते खरं होतं. मॅडमनी जिल्ह्याच्या मनोविकारतज्ज्ञांना फोन लावला, दोघं बोलले आणि रात्रीची गोळी वाढवली. माझ्या जाग्रणासाठी भावाचा डोस वाढला. हे वाक्य आज लिहिताना सोपं जातंय. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की डॉक्टरांना जास्त कळतं. त्यांना कळतच होतं. फक्त माणूस चुकीचा होता.

इकडे गल्लीत भावाचं स्वागत चाललं होतं. "नाशिकची हवा मानवली की!" "कंपनीची गाडी हाय काय न्ह्यायला?" शेजारच्या मावशींनी तर दारात उभं राहून विचारलं, "नाशिकास्नं आलाय आनि आमाला द्राक्षं न्हाईत व्हय?" द्राक्षांचे दिवस संपले होते. मी बाजारातून बेदाणे आणले, पुड्या बांधल्या आणि घरोघरी नाशिकचे म्हणून वाटले. बायको म्हणाली, "सत्यनारायणाचा प्रसाद पण एवढ्या श्रद्धेनं वाटला नव्हता तुम्ही."

भाऊ मात्र आखडत चालला. चालताना हात हलेनासे झाले. चहाचा पेला धरला की बशीत सांडायचा. मग बायको त्याला मोठ्या मगात अर्धा चहा द्यायला लागली, आणि तो मग दोन्ही हातांनी धरायला लागला. एकदा त्याच्या खिशातला मायक्रोमीटर त्याने काढला. धातूची जाडी मोजायचं ते उपकरण त्याला त्याच्या वस्तादाने दिलेलं. एका नाण्याला लावून माप घ्यायला बसला. एका जागी धरून ठेवता येईना. तीनदा लावला, मग पुसून डबीत ठेवला.

"दादा, डॉक्टरला माझं हात दाखवायचं हायत."

"मी सांगितलंय त्यांना."

"काय म्हणलं?"

"कमी होईल म्हणाले."

मी काही सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? मॅडम म्हणाल्या असत्या, दाखवा बघू हात.

ह्याच महिन्यात आमच्या शाळेत मानसिक आरोग्यावर कार्यक्रम झाला. वक्ता म्हणून मी. विषय मी स्वतः सुचवला होता, हे आणखी वर. सकाळी भावाने माझा पांढरा शर्ट इस्त्री करायला घेतला. घरातलं एखादं काम आपण करावं म्हणून तो मागे लागायचा. हात अडकला आणि इस्त्री छातीवर जरा जास्त टेकली. तपकिरी डाग पडला. "जाऊ दे, दुसरा घाल," तो म्हणाला आणि खाली बघत राहिला. दुसरा पांढरा धुवायला होता. मी तोच घातला. पाऊण तास बोललो. आजार लपवू नका, शेजाऱ्यांना घाबरू नका, पेशंटला स्वतः डॉक्टरांकडे घेऊन जा, असं सगळं बोललो. दोन शिक्षिकांचे डोळे भरून आले. मग माझा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला, आणि शालीने तो डाग नेमका झाकला गेला. फोटोत मी चांगला दिसतो.

चौथ्या खेपेला मी मोटरसायकलला किक मारली तेव्हा भाऊ मागे बसला.

"कुठं?"

"तू जाशील तितं."

"अरे, नुसत्या गोळ्या तर आणायच्यात."

"मग आनू की दोघं. दसऱ्याला तीन आठवडं ऱ्हायल्यात, दादा. मालकाला काय सांगू?"

अठरा किलोमीटर मी त्याला खरं सांगायचं ठरवत होतो. केर्लीच्या पुढे सांगू, मग चढ लागला की सांगू. वाऱ्यात नीट ऐकू येणार नाही, उगाच अर्धवट ऐकेल, असंही वाटलं. आरोग्य केंद्र आलं.

"आलासा? या या," सिस्टर मला म्हणाल्या, आणि भावाला म्हणाल्या, "पावणं, तुमी कोन ह्येंचं?"

भावाने माझ्याकडे बघितलं. टेबलावरचा त्याच्या नावाचा कागद बघितला. त्या कागदासमोर मी खुर्चीत बसलोय, हेही बघितलं. त्याला मापातला फरक पटकन कळतो.

"भाऊ हाय मी," तो म्हणाला.

"बरं झालं आलासा. आजपतूर एकटंच येत्यात बिचारं."

मॅडमनाही फार आनंद झाला. घरचं माणूस पहिल्यांदा आलं होतं. त्यांनी त्याला जवळ बसवून घेतलं आणि काळजी कशी घ्यायची ते समजावून सांगायला सुरुवात केली. मी खाली मान घालून ऐकत होतो, अगदी मनोरुग्णासारखा.

"यांच्यावर ओरडायचं नाही."

"न्हाय ओरडत. त्येच वरडत्यात."

"थोडी चिडचिड होते या आजारात. समजून घ्यायचं. आणि घरात बसवून ठेवू नका. छोटी छोटी कामं द्या."

"बेदाणं वाटायला लावतो की आमी."

"छान. लोकांत मिसळणं होतं. आणि बाहेर यांच्याबद्दल काही लपवून ठेवू नका. लाज वाटण्यासारखं काही नाही यात."

"आमास्नी न्हाय वाटत, मॅडम. ह्येस्नीच लई वाटती."

मला हसू येत होतं का रडू, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मॅडमनी शेवटचा प्रश्न विचारला. "गोळ्या वेळेवर घेतात ना? एखादी चुकत तर नाही?"

"एक बी चुकली न्हाय," भाऊ म्हणाला. "मीच घेतो."

आणि त्याने दोन्ही हात टेबलावर, मॅडमच्या समोर ठेवले. लाकडावर बोटांचा आवाज येत होता. बारीक, एकसारखा.

सगळे त्या हातांकडे बघत होते. मग मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "चार महिने मी कुणाला तपासत होते?"

"मला."

"आणि झोप लागत नव्हती, ती कुणाला?"

"मलाच."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शाळेत ओरडणाऱ्या शिक्षकांना मुलं फार मनावर घेत नाहीत. त्यांनी कागद उलटा केला, प्रत्येक महिन्याखाली 'कंप नाही' लिहिलं होतं ते तीन वेळा खोडलं, आणि उभं राहून भावाचं मनगट, कोपर, मान हलवून पाहिली. त्याला चार पावलं चालवलं. मग फोन लावला. फोनवर त्या म्हणाल्या, "सर, त्या केसमध्ये नातेवाईकांची अडचण आहे," आणि माझ्या लक्षात आलं की रोगांच्या यादीत एवढे दिवस माझंच नाव लिहायचं राहिलं होतं.

सिस्टरांचं मात्र समाधान होत नव्हतं. "म्हंजे तुमी आजारीच न्हाय?"

"नाही."

"मग मागच्या म्हैन्यात एवढं रडलासा कशापायी?"

भाऊ हळूच म्हणाला, "मॅडम, ह्येचा बी एक कागद काढा. ह्येला खरंच झोप लागत न्हाय. रातभर सपाता वाजवत हिंडतंय. मला त्या वाढीव गोळीनं गाढ झोप लागती, म्हणून चाललंय."

डोस पहिल्यासारखा झाला. थरथरीवर एक छोटी गोळी मिळाली. मॅडमनी नवं पत्र लिहिलं, आमच्या गल्लीजवळच्या केंद्राच्या नावाने, आणि ते माझ्या हातात न देता भावाच्या हातात दिलं. हात थोडे सावरतील, म्हणाल्या, पण तीन आठवड्यांत किती, ते सांगता यायचं नाही. चार महिन्यांपूर्वी दाखवले असते तर, एवढं बोलून त्या थांबल्या. पुढचं मी रोज स्वतःला म्हणून घेतो.

येताना वाटेत एका टपरीवर चहाला थांबलो. मी माफी मागायला तोंड उघडलं. मास्तरकीचं वळण, प्रस्तावनेपासून सुरुवात केली. भाऊ म्हणाला, "थांब. एक सांग. वय किती सांगितलंस?"

"चव्वेचाळीस."

"आनि मानलं त्येनी?" तो इतका हसला की चहा सांडला. ती थरथर नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोन गल्ल्या चालत गेलो. मी नमस्कार करत होतो. केंद्रात बाकावर शेजारच्या मावशी बीपीच्या गोळ्यांसाठी बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा केली.

"आलासा व्हय, मास्तर? आमी चार म्हैनं वाट बघालोय."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? ज्या जीपनं ह्येला न्हेलासा, तिचा डायवर माझ्या बहिणीचा जावई. दुसऱ्या दिवशी गल्लीला ठावं हुतं." मग त्या भावाकडे वळल्या. "तू बरा हाईस न्हवं? बास झालं. आनि मास्तर, ते बेदाणं तासगावचं हुतं. तुमच्या हातातल्या पिशवीवरच छापलं हुतं की."

तेवढ्या दिवसांत गल्लीने एकदाही मला उघडं पाडलं नव्हतं. मला वाईट वाटेल म्हणून सगळे नाशिकची चौकशी करत राहिले. पेशंटची काळजी कशी घ्यावी, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज पडली नव्हती, आणि पेशंट कोण हेही त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये भावाने लेथ पुसला, झेंडूची माळ घातली आणि हळदीकुंकवाची बोटं ओढली. पाचांपैकी तीन सरळ आली. दसऱ्याच्या सकाळी मालकाने मशीन चालू करून दिली आणि एक साधी पिन कातायला दिली. मी दारात उभा होतो. अर्धा तास लागला. पूर्वी त्याला दहा मिनिटं लागत. मालकाने पिन मोजली, भंगाराच्या डब्यात टाकली आणि दुसरा तुकडा समोर ठेवला. ती पिनही डब्यात गेली. तिसरी त्याने दोनदा मोजली.

"हितंपतूर आलाईस," तो म्हणाला. "उद्यापासनं दुपारपतूर ये. फुडचं बघू."

दुपारपर्यंतचं काम अजून दुपारपर्यंतचंच आहे. पूर्ण पाळी मिळेल की नाही, माहीत नाही. हिशेबाने ते चार महिने माझे आहेत, आणि ते तो रोज सकाळी कामाला जाऊन भरून काढतो.

महिन्यातून एकदा आम्ही दोघं केंद्रात जातो. आता दोन कागद आहेत. पहिलं त्याचं नाव पुकारतात, तो उठतो, हात पुढे करतो. मग माझं पुकारतात. मला उठायला जरा वेळ लागतो, तेव्हा तो सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, "दादा, ऊठ. ह्या वेळंला खरंच तुझं नाव हाय."